समोरची खुर्ची

४ जून

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ऐकायचं यंत्र तू उशीखाली ठेवतेस, म्हणून हे पत्र. पोस्टातली बाई मला हसली. म्हणाली, तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावतात ते आठवतंय ना?

आधी बातमी सांगते, मग तू ओरड. मी बुबुळ रंगवायला शिकतेय. कुणाकडे? फोनकडे.

झालं ओरडून? आता ऐक. तू वृद्धाश्रमात जाऊन आठ महिने झाले. या आठ महिन्यांत मी साचे घेतले, कवचं घासली, पांढऱ्यावर लाल रेशमाच्या शिरा चिकटवल्या, चाकावर धरून चकाकी आणली. हे सगळं तू मला शिकवलंस आणि ते मला येतं. पण बुबुळ रंगवायची वेळ आली की तू पडदा ओढून घ्यायचीस. बारा वर्षं तुझ्या हाताखाली काढली आणि त्या पडद्याची मागची बाजू तेवढी पाठ झाली. बुबुळाशिवाय नकली डोळा म्हणजे उकडलेलं अंडं. माणसं येतात, मी सांगते की रंगवणाऱ्या बाईंचे हात कापतात, त्या आता बसत नाहीत. ती आपल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघतात आणि जिना उतरून जातात. असंच चाललं तर आजोबांपासूनची ही खोली वर्षभरात बंद होईल. मला ती बंद करायची नाही.

तर फोनवर एक वर्ग सापडला. बारा पाठ आहेत, दर चार-पाच दिवसांनी एक आपोआप उघडतो. शिकवणाऱ्याचा चेहरा नाही, नाव नाही, आवाज नाही. नुसतं टेबल, ब्रश आणि दोन हात. खाली अक्षरं येतात. मी त्यांना मास्तर म्हणते. सुख काय सांगू तुला! चुकलं की मागे न्यायचं, कळलं नाही की थांबवायचं. बसच्या थांब्यावर बघा, पाणी उकळेपर्यंत बघा. परवा एकच फटकारा मी सतरा वेळा पाहिला आणि मास्तरांनी सतराही वेळा तो तितक्याच मायेने मारून दाखवला. तू असतीस तर तिसऱ्या वेळेला चमचा फेकून मारला असतास.

गुडघ्याला तेल लावतेस का?

तुझी, न ओरडा खाता शिकणारी,
भिंगरी


११ जून

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या वागण्यावर अवलंबून असते तर कधीच संपले असते.

चमचा मी एकदाच फेकला होता आणि तो तुला लागला नव्हता. बारा वर्षांत तेवढंच बरं लक्षात राहिलं तुझ्या.

शीक बाई फोनवर. मी काही त्याची वैरीण नाही. इथली नर्स फोनवर परकी भाषा शिकते. जिना चढताना क्रियापदं, चादरी बदलताना भाज्यांची नावं. सहा महिन्यांत चुरूचुरू बोलायला लागली. कुठल्या शाळेने तिला चादरी बदलता बदलता शिकवलं असतं? मी विचारलं, चुकलीस तर कोण सांगतं? म्हणाली, लाल खूण येते. म्हटलं, पण तू का चुकलीस ते बघून कुणाच्या कपाळाला आठी पडते का? म्हणाली, नाही ना आजी, तेच तर सुख आहे. तुम्ही दोघी एका माळेचे मणी.

तू मनात अढी धरून बसली आहेस की मी तुला रंग शिकवला नाही. खरं आहे, नाही शिकवला. कारण होतं. ते आज सांगत नाही.

पण आपल्या खोलीचा नियम तुला माहीत आहे. समोरच्या खुर्चीत माणूस बसल्याशिवाय ब्रश ओला करायचा नाही. त्याला उत्तरेच्या खिडकीशी बसवायचं, त्याचा चांगला डोळा बघायचा आणि त्याला बोलतं करायचं. आवडत्या माणसाबद्दल बोलला की बाहुली मोठी होते, दुखणं सांगायला लागला की आक्रसते. आपण मधली पकडतो. म्हणून एका डोळ्याला दोन दोन दिवस लागतात. हे फोनला काय कळणार?

एकच विचारते. तुझा मास्तर डोळा रंगवतो तर कुणाला तरी बघूनच रंगवत असेल ना. त्याच्यासमोर कोण बसलंय?

आत्या


१९ जून

प्रिय आत्या,

समोर कोण बसलंय ते दिसत नाही. कॅमेरा हातांवर असतो. पण कुणीतरी बसलंय हे नक्की, कारण मास्तर मधेच थांबतात, ब्रश हवेत धरतात, आणि हातांच्या ठेवणीवरूनच कळतं की ते मान वर करून बघतायत. मग परत सुरू.

चौथा पाठ झाला. एकच डोळा पहिल्या पाठापासून शेवटपर्यंत घडवतात, आणि मी इकडे तसाच घडवते. डावा डोळा आहे. तपकिरी, बाहेरून काळसर होत गेलेला, आणि घड्याळात सात वाजतात त्या जागी मधाच्या रंगाचा बारीक ठिपका. तो ठिपका मला तीन दिवस जमत नव्हता. काल जमला आणि मी एकटीच खोलीत नाचले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने छताला काठी मारली.

एक गंमत सांगते. माझं चुकलं की मास्तर थांबतात. खरंच! मी ब्रशवर जास्त रंग घेतला की पडद्यावरचे हात ब्रश खाली ठेवतात आणि वाट बघतात. मी पुसून परत घेतला की पुढे जातात. म्हणजे बघ, तू म्हणतेस ना की फोन बघत नाही. फोनला पुढे कॅमेरा असतो, तो माझं काम बघत असणार. आठीही पडत असेल, पण चेहराच दाखवत नाहीत तर आपल्याला काय त्याचं.

चौकातल्या बेकरीवालीला डोळा हवाय. भट्टीचं दार उघडताना निखारा उडाला आणि डावा गेला. मी म्हटलं, महिनाभर थांबा, पहिला डोळा तुमचाच करीन. म्हणाली, थांबते, पण मला बसवून ठेवू नकोस, पाव जळतात.

डोकं जरा जड असतं आणि डाव्या डोळ्यातून पाणी येतं. पडदा बघून बघून होणारच.

भिंगरी


२६ जून

भिंगरे,

हे पत्र मिळाल्यावर पुढचा पाठ लावू नकोस. आधी मला उत्तर दे.

त्या वर्गात दुसरेही शिकणारे असतील. त्यांना विचार की त्यांचा मास्तर कुठल्या रंगाचा डोळा रंगवतो. नीट विचार, मस्करी करू नकोस.

आणि पाणी कुठल्या डोळ्यातून येतं म्हणालीस? डाव्या? पत्र पुन्हा वाचलं, डाव्याच लिहिलंय.

ठिपका सातच्याच जागी आहे ना, पाचच्या नाही?

आत्या


३ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा सातवा पाठ झाला होता. मग तू 'लावू नकोस' म्हणालीस म्हणून मी आठवा लावला नाही. पण तो लागला. फोन टेबलावर होता, मी कवच घासत होते, मान वर केली तर हात सुरू झाले होते. एकदा सुरू झाल्यावर अर्धवट सोडवेना. तू रागावशील, पण खोटं लिहिणार नाही.

शिकणाऱ्यांच्या गटावर विचारलं. कुठल्याशा बंदरावरची एक कंपाउंडर आहे, तिचा मास्तर राखाडी डोळा रंगवतो. एका म्हाताऱ्या चित्रकाराचा हिरवा आहे. प्रत्येकाचा वेगळा! कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. आपापल्या फोनमध्ये मान घालून आम्ही सगळे शिकतोय. चित्रकाराने नंतर काही लिहिलं नाही. कंपाउंडर म्हणाली की तो बारावा पाठ करून बाहेर पडला.

आता खरी गोष्ट. बेकरीवाली आली होती, दुपारी, हाताला पीठ तसंच. म्हटलं, बघा तरी कसं काम चाललंय. ती डोळा हातात घेऊन खिडकीशी गेली. माझ्याकडे बघितलं, डोळ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे. म्हणाली, "अगं बाई, हा माझा कसला? हा तर तुझाच डोळा!"

मी हसले. म्हटलं, माझ्या डोळ्यात असला ठिपका नाहीच. म्हणाली, "नाही कसा? हा काय इथे खाली. रोज पाव घेतेस माझ्याकडून, मला दिसत नाही होय?" ती गेल्यावर आरशात पाहिलं. ठिपका होता, पण पाचच्या जागी. मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की आरशात उलटं दिसतं. समोरच्याला तो सातच्या जागी दिसणार. तुला तो कायम सातलाच दिसला असणार, म्हणून तू विचारलंस. हो ना?

घाबरले नाही असं लिहायचं होतं, पण आधी फोन पालथा घातला. नंतर विचार केला, यात भुताटकी कसली? फोनचा कॅमेरा समोर कोण आहे ते बघतो आणि ज्याच्या त्याच्या डोळ्याचा नमुना करतो. साधी गोष्ट आहे. साधी आहे ना, आत्या?

डाव्या डोळ्यापुढे एक राखाडी डाग दिसतो. तीळ असावा तेवढा. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काही नाही, औषध टाका.

फोन मी आज बंद करून बिस्किटांच्या डब्यात ठेवलाय. मधले पाठ नुसत्या उजळणीचे आहेत, बारावा २० तारखेला सकाळी दहाला उघडतो. त्यात वरचा पारदर्शक थर बसवतात.

भिंगरी


८ जुलै

माझ्या बाळा,

नीट बसून वाच.

तुझ्याएवढीही नव्हते मी, एकोणीस वर्षांची होते. तुझे आजोबा, माझे बाबा, कामासाठी महिनाभर गावाला गेले होते. रंग शिकायची मला घाई झाली होती आणि समोर बसायला माणूस नव्हता. बाबा सांगून गेले होते की समोर कुणी नसेल तर ब्रशला हात लावायचा नाही, आणि स्वतःचा डोळा तर कधीच रंगवायचा नाही. का, ते सांगितलं नव्हतं. मी आरसा मांडला आणि माझा डावा डोळा रंगवायला बसले.

इतकं सुरेख काम माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही. चौथ्या पाचव्या दिवसापासून आरशातली मी माझ्याआधी ब्रश उचलायला लागली. एक क्षणभरच आधी. मला वाटलं, दमलेय. शेवटचा थर बसवला, डोळा रुमालात गुंडाळून लपवला. तेराव्या दिवशी चकाकीच्या चाकावरून कपची उडाली आणि माझा डावा डोळा गेला.

होय. डावा. बाबा परत आले, त्यांनी रुमाल उघडला. त्यांनी तोच मला बसवला. कवच पुढे तीन-चारदा बदललं, बुबुळाची चकती तीच आहे. घारा डोळा, उजव्यासारखाच. गडद चष्मा, खिडकीकडे पाठ, आणि रंगवताना पडदा, हे सगळं त्याच्यासाठी. तुला रंग शिकवायचा म्हणजे तुला समोर बसवून माझ्या डोळ्यांत बघायला लावायचं. एक एकोणीस वर्षांचा, एक सत्तरीचा. तुला क्षणात कळलं असतं. मला ते नको होतं. नुसता दिमाख गं, दुसरं काही नाही. त्या दिमाखापायी तू फोनपुढे जाऊन बसलीस.

कुणी म्हणेल योगायोग. पन्नास वर्षं मीही तेच म्हणतेय.

तो शेवटचा थर बसवू नकोस. आज नर्सकडून तुला फोन लावून घेतला. मी शेजारीच होते. ती म्हणाली, भाची गोड बोलली, म्हणाली 'हो आत्या, ऐकते, काळजी करू नकोस, थोडंच राहिलंय.' त्याने जीव भांड्यात पडला. तरी लिहून पाठवते, तुझा भरवसा नाही.

आत्या


१२ जुलै

आत्या,

मला फोन आला नाही.

मी तो तीन तारखेपासून बंद करून डब्यात ठेवलाय. पत्र वाचून डबा उघडून पाहिला. बंदच होता, पण हाताला कोमट लागला.

तू मला हे बारा वर्षांत सांगितलं नाहीस याचा मला फार राग आला. मी एक कप फोडला, तुझा निळा. मग रडले. मग असं वाटलं की तू एकटीने हे पन्नास वर्षं कसं बाळगलंस? तुझ्या डाव्या बाजूने कुणी हाक मारली की तू दचकायचीस, आम्ही हसायचो. माफ कर.

डोळा मोडून टाकायचं ठरवलं. चाक सुरू केलं आणि चकतीची कड लावली. लावताक्षणी माझ्या डोळ्यात अशी कळ गेली की मी खालीच बसले. उठले तेव्हा तो डाग तिळाचा वाटाणा झाला होता. परत हात लावला नाही.

राखाडीवाल्या कंपाउंडरला सावध करायला बेकरीवालीच्या फोनवरून गट उघडला. तिचं नाव आता तिथे नाही.

डाव्या डोळ्याने आता खिडकी दिसते, पण तिच्या मधलं काही दिसत नाही. पाठ २० तारखेला आपोआप उघडेल. मी हे सगळं ओढवून घेतलं ते खोली बंद पडू नये म्हणून, आणि आता डोळाच गेला तर रंगवू कशी? आत्या, काय करू? मला भीती वाटते.

भिंगरी


१५ जुलै

भिंगरे,

मी येते. १९ ला संध्याकाळी उतरवून घे. नर्स बसमध्ये बसवून देणार आहे, तिच्याशी वाद घालू नकोस.

माझी खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी मांड. ब्रश तिन्ही धुऊन ठेव. घाऱ्याला लागणारे रंग काढ, हिरवा, राखाडी आणि थोडा पिवळा. शेवटचा थर बसला नाही तोवर चकती ओली आहे असं समजायचं, तिच्यावरून दुसरा डोळा रंगवता येतो. त्याला समोर कुणीतरी हवंय ना? मग मी बसते.

घाबरू नकोस. माझ्याकडे देण्यासारखा एक नकली डोळा आहे आणि तो आधीच गेलेला आहे.

आत्या


२ ऑगस्ट

प्रिय, लाडक्या, कजाग आत्या,

पोचल्याच्या दोन ओळी लिहीन म्हणाली होतीस, दोन आठवडे झाले. वृद्धाश्रमात जाऊन आळशी झालीस की माझ्यावर रुसलीस?

माझा डोळा स्वच्छ झाला! डाग तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटाण्याचा तीळ झाला आणि परवा पार गेला. डॉक्टर म्हणाले, औषधाने गुण आला. मी म्हटलं, हो हो, औषधानेच.

तो दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही. साखरेच्या बरणीला टेकवून फोन तुझ्याकडे तोंड करून ठेवला, म्हणजे त्याचा कॅमेरा तुझ्याकडे. मला पडदा दिसावा म्हणून आपण कपाटाचा आरसा त्याच्यासमोर लावला. ती तुझी युक्ती! मला तर सुचलं नसतं. ठीक दहाला हात आले. तू चष्मा काढून डावा डोळा पुढे करून बसलीस. मधे पाच मिनिटं नेट गेलं होतं, हात थिजूनच राहिले, आठवतंय? मी 'नेट गेलं वाटतं' म्हटलं, तू म्हणालीस 'तू खाली बघ, तुझं काम कर.' मग आलं एकदाचं, आणि जे हात हलायला लागले ते चार वाजेपर्यंत थांबले नाहीत. ब्रश धुतला, तपकिरी पुसलं, आणि घारं रंगवायला लागले. मी आरशातला पडदा बघायची आणि रंगवायची, पडदा बघायची आणि रंगवायची. मान मोडली, पण एक फटकारा चुकला नाही.

आणि तू किती बोलत होतीस गं! आजोबांबद्दल, मी पहिल्यांदा खोलीत आले आणि अख्खी बरणीभर बुबुळं सांडली त्याबद्दल. मला वाटलं, वेळ घालवायला बोलतेस.

सगळ्यात कठीण होती ती बाहेरची पांढुरकी कड. मास्तरांनी ती तीनदा पुसायला लावली. शेवटी जमली. घाऱ्याभोवती ती अशी धुक्यासारखी दिसते की मला माझाच अभिमान वाटला. मग वरचा थर बसवला आणि पडद्यावर आलं, 'अभ्यासक्रम पूर्ण.' तेवढंच. नंतर फोन उघडलाच नाही. डब्यात आहे, डब्याला दोरी बांधली आहे.

त्याला नकली डोळा दाखवून आपण त्याला उल्लू बनवलं, आत्या! मला अजून हसू येतं. तुला बघून बनवलेला डोळा कापसात ठेवलाय. पुढच्या वेळी येशील तेव्हा तुझ्या डाव्यासाठी नवा म्हणून तुला देते.

पत्र लिही. नाहीतर मीच येऊन बसेन.

तुझी, दोन्ही डोळ्यांनी बघणारी,
भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरे,

हे अक्षर माझं नाही, नर्सचं आहे. मी सांगते आणि ती लिहिते. मधेच नाक ओढते, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझं पत्र तिने मला दोनदा वाचून दाखवलं. तुझा डोळा स्वच्छ झाला हे मी तिच्याकडून तिसऱ्यांदाही ऐकलं.

ज्या दिवशी तू ते लिहिलंस त्याच दिवशी सकाळी मी चहा घेत होते आणि उजेड गेला. मला वाटलं, कुणी खिडकी लावली. मोजून बघ, २० तारखेपासून तेरावा दिवस. इथले डॉक्टर म्हणतात, आतली शीर फुटली, वयाने होतं. डोळा दुखतो फार, तो पुढच्या महिन्यात काढावा लागेल.

नेट गेलं नव्हतं, वेडे. मी आधी डावाच दाखवला. खरंच वाटलं होतं, भागेल त्याच्यावर. पण ते हात हलेनात. रंगवलेल्या डोळ्यावर रंगवण्यासारखं काही नसतं, त्याची बाहुली लहानमोठी होत नाही, हे मलाच आधी कळायला हवं होतं, मी आयुष्यभर तेच केलंय. पाच मिनिटं वाट पाहिली. मग मान वळवून उजवा पुढे केला. तू म्हणालीस, 'आलं, आलं!'

सहा तास मी तुझ्या समोर बसले होते. तू पडदा बघत होतीस. मला तेच हवं होतं, म्हणून तर 'खाली बघ' म्हटलं आणि बोलत राहिले. पण एकदा तरी वर बघशील आणि तुला कळेल अशी धाकधूक होती, आणि खरं सांगू का, थोडी आशाही होती. ती पांढरी कड तू तीनदा पुसून काढलीस. अगं, ती म्हातारपणी येते. एकोणीस वर्षांच्या डोळ्याला ती कशी असेल? तू तुझ्या हाताने रंगवलीस आणि तुला प्रश्न पडला नाही.

रडू नकोस. नर्स रडतेय तेवढं पुरे. मी हे आंधळेपणाने केलेलं नाही, ठरवून केलं. तुला समोर बसवून शिकवलं असतं तर तू त्या फोनकडे गेलीच नसतीस. एका डोळ्याचा दिमाख केला, दुसऱ्याने फिटला. तुझे दोन्ही शाबूत आहेत, खोली शाबूत आहे, माझी काही तक्रार नाही. पण तुझा चेहरा मला आणखी थोडे दिवस बघायचा होता. तेवढं वाईट वाटतं.

तो कापसातला डोळा माझ्या उजव्यासाठी नीट घासून घे आणि पुढच्या महिन्यात घेऊन ये. बसवायला तूच लागशील, इथल्या कुणाला येत नाही.

त्याआधी बेकरीवालीचं काम कर. फोन डब्यात राहू दे. तिला खुर्चीत बसव, पाव जळू देत एक दिवस. तिला तिच्या भट्टीबद्दल विचार, मग तिच्या आवडत्या माणसाबद्दल विचार. बाहुली कशी होते ते बघ आणि मधली पकड. चुकलीस तर ती तोंडावर सांगेल, तिचं ऐक. आणि दर फटकाऱ्याआधी मान वर करून तिच्याकडे बघ. दर फटकाऱ्याआधी, भिंगरे.

सही मी स्वतः करते. ओळ सोडून गेली असेल तर चालवून घे.

आत्या